मॅरेथॉन भरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: ऑलिंपिक पळलेल्या ललिताताई बाबरांना आमच्या पोरींसोबत एक किलोमीटर पळू द्या

राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या मॅरेथॉन संयोजकांना,

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ४६, गेली नऊ वर्षं स्वतः पळते, सहा हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) आणि एक फुल (४२ किलोमीटर) झालीय, टायमिंग काही सांगण्यासारखं नाही पण पळणं सुटलेलं नाही. पाऊस संपत आला की तुमचे पोस्टर यायला लागतात, रजिस्ट्रेशन सुरू, अर्ली बर्ड फी, टी-शर्टचा फोटो, मेडलचा फोटो, आणि मग पाहुणे कोण येणार त्याचा फोटो. त्या शेवटच्या फोटोबद्दलच मला बोलायचंय आणि जरा सविस्तर बोलायचंय, कारण दोन ओळींच्या मेसेजमध्ये हे मावत नाही, मी प्रयत्न केलाय.

१५ ऑगस्ट २०१६ चा दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, घरी पाठवलं, आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही गावात ज्यांच्याकडे डिश टीव्ही होता त्यांच्या सोप्यात पंचवीस-तीस जण दाटीवाटीनं बसलो, कारण रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल होती आणि त्यात आमच्या मोहीची ललिता बाबर होती. मोही म्हणजे आमच्याच तालुक्यातलं गाव. टँकरची वाट बघणारं, छावणीत जनावरं बांधणारं, आमच्यासारखंच दुष्काळी. दोन दिवस आधी हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा नॅशनल रेकॉर्ड केला होता आणि १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकची फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई होती. फायनलमध्ये दहावी आली. सोप्यात बसलेल्यांपैकी निम्म्यांना स्टीपलचेस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, पाण्याच्या खड्ड्यात कशाला उड्या मारायच्या असं एक आजी सारखं विचारत होत्या. पण पोरी गप्प होत्या. एकदम गप्प, डोळे टीव्हीवर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरी शाळेमागच्या पाटाच्या चरीवरून उड्या मारत होत्या. चरीत पाणी नव्हतं, तरी पलीकडे उतरल्यावर पाय झटकत होत्या, टीव्हीत बघितलं होतं तसंच. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवीन ग्राउंड नव्हतं, बूट नव्हते, कोच नव्हता. आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावची एक मुलगी दिसली होती, एवढंच झालं होतं. मी स्वतः पळायला लागले ते त्यानंतर काही महिन्यांनी, त्या पोरींच्या मागे मागे.

आता यातलं मॅरेथॉनवाल्यांसाठी महत्त्वाचं काय, तर ललिता बाबर मुळात तुमचीच आहे. स्टीपलचेसकडे जायच्या आधी ती रस्त्यावर लांब पळणारी होती, २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. म्हणजे मुंबईचा पेडर रोडचा चढ, जिथं पस्तिशीच्या आसपासच्या किलोमीटरला भल्याभल्यांचे पाय धरतात, तो चढ तिनं तीन वर्षं जिंकत पार केलाय. ही बाई तुमच्या पोस्टरवर का नाही?

मी दोन वर्षांपूर्वी आमच्या चार पोरींना घेऊन एका शहरातल्या मॅरेथॉनला गेले होते, शहराचं नाव घेत नाही, घ्यायची गरज पण नाही, कारण हे बऱ्याच ठिकाणी असंच असतं. पहाटे तीनला निघालो, वडापमध्ये पोरी झोपल्या, पाच वाजता पोचलो. गेटवर मोठा फ्लेक्स, त्यावर मालिकेतले दोन कलाकार, एक गायक आणि बाकी सगळे नेते. सहावीतली एक पोरगी बराच वेळ फ्लेक्स बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, यात पळणारं कोण हाय?" मला उत्तर देता आलं नाही. पाहुणे यायला उशीर झाला म्हणून फ्लॅग-ऑफ चाळीस मिनिटं पुढं गेला, तोपर्यंत स्टेजवरून झुंबा सुरू. ज्यांना हाफ पळायची होती त्यांची चाळीस मिनिटं थंडीतून उन्हात गेली, आणि उन्हातले शेवटचे पाच किलोमीटर काय असतात हे जो पळलाय त्यालाच कळतं. कलाकार आले, सेल्फी झाली, झेंडा दाखवला, गाडीत बसून गेले. मला त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांना बोलावलं म्हणून ते आले. माझं म्हणणं बोलावणाऱ्यांशी आहे.

मोठ्या धावपटूचा परिणाम लहान पोरावर होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा मी खूप विचार केलाय आणि जमेल तेवढं वाचलंय. बघा, केनियाचा मॅरेथॉन पळणारा एलियुड किपचोगे, त्याचे फोटो आज आपल्याकडच्या प्रत्येक रनिंग ग्रुपच्या डीपीला आहेत, व्हिएन्नात २०१९ ला तो मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये, म्हणजे दोन तासांच्या आत पळला ते सगळ्यांना पाठ आहे, त्याच्यासारखे जाड तळव्याचे बूट घ्यायला लोक वीस-वीस हजार घालतात. पण किपचोगे स्वतः कसा घडला? त्याच्याच भागात पॅट्रिक सांग राहायचे, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सिल्व्हर घेतलेले. पोरगा किपचोगे त्यांच्याकडे गेला आणि मला पळायचा प्रोग्रॅम द्या म्हणाला. त्यांनी दोन आठवड्यांचा दिला. तो संपला की हा परत हजर, पुढचा द्या. असं करत करत तो पुढं दोन वेळा ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला आणि कोच शेवटपर्यंत सांगच. म्हणजे त्याला पोस्टर मिळालं नव्हतं, माणूस मिळाला होता, चालत जाऊन भेटता येईल एवढ्या अंतरावर.

इथिओपियातलं बेकोजी घ्या. डोंगरातलं छोटं गाव. तिथली देरार्तू तुलू १९९२ ला १०,००० मीटरचं ऑलिंपिक गोल्ड घेऊन आली. तिथलीच फातुमा रोबा १९९६ ला अटलांटात ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली, आफ्रिकेतली पहिली बाई. मग तिथलाच केनेनिसा बेकेले, तिथलीच तिरुनेश दिबाबा. एका गावातून इतके? लोक म्हणतात उंचीवरची हवा, रक्त, शरीराची ठेवण. असेलही, मी डॉक्टर नाही. पण उंचीवरची गावं जगात पुष्कळ आहेत. बेकोजीत शाळेतल्या पोरांना पळवणारा एक मास्तर होता, सेंतायेहू एशेतू, आणि त्या पोरांना आपल्याच गल्लीतून कोण कुठं पोचलं हे माहीत होतं. मास्तर आणि माहिती. एवढ्या दोन गोष्टी तर आपल्याकडे होऊ शकतात ना?

आणि झाल्या पण आहेत. नाशिकला झाल्या. सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत, तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात हे तरी ऐकलं असेल, विजेंद्र सिंग सरांच्या हाताखाली तयार झाली, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरचं ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये सिल्व्हर, आणि २०१६ ला रिओत तर चक्क मॅरेथॉन पळली. तिच्या मागून नाशिकमधून संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली, मोनिका २०१७ ला लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मॅरेथॉन पळली. एकाच जिल्ह्यातून लांब पळणाऱ्या पोरींची अशी रांग लागते तेव्हा त्याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. पुढची पोरगी सकाळच्या प्रॅक्टिसला आधीच्या पोरीच्या मागे पळते, तिचा श्वास ऐकू येतो, ती पण दमते हे दिसतं. टीव्हीवर दमणं दिसत नाही.

परभणीची ज्योती गवते २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. परभणी! मराठवाड्यातल्या किती शाळांमध्ये हे नाव सांगितलं जातं मला माहीत नाही, पण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या, शाळेसाठी सहा किलोमीटर जा-ये करणारा पोरगा, आर्मीत गेला, २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १:००:३० मध्ये पळला, ६१ मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. माण, आष्टी, परभणी, त्र्यंबकचा आदिवासी भाग. नकाशावर बोट ठेवून बघा, पाणी नसलेले किंवा रस्ता नसलेले तालुके आहेत हे सगळे. आणि तुमच्या मॅरेथॉन होतात शहरात, एंट्री फी हजार-बाराशे, रजिस्ट्रेशन ऑनलाइन, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला आदल्या दिवशी एक्स्पोला या. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोनदा यायचं भाडं कुणी द्यायचं?

थोडं मागं जाते, कारण हे आजचं नाहीये. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी साधी शेतकरी मुलं बघितली, त्यांचा वेग बघून ते थक्क झाले, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताची पहिली टीम गेली. त्या टीममध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन पळले. तेव्हाची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. अहो आज कार्बन प्लेटचे बूट, जेल, घड्याळ, पेसर असं सगळं असताना आपल्या हौशी रनर्समध्ये तीन तासांच्या आत येणाऱ्याला लोक पाया पडायचे बाकी ठेवतात, आणि हा माणूस शंभरहून जास्त वर्षांपूर्वी जास्त अंतर पळून तीन तासांच्या आत आला होता. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ पासून, कोल्हापूर-सांगली-बेळगावला पण आता पळण्याचे इव्हेंट होतात. चौगुल्यांच्या नावाचा एक किलोमीटर तरी ठेवा ना कुठं. ४२ वा किलोमीटर ठेवा. तिथं बोर्ड लावा की हा माणूस तुमच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त पळला होता. थकलेला रनर तो बोर्ड वाचेल आणि आयुष्यभर लक्षात ठेवेल.

शिवनाथ सिंग यांचं पण तेच. बिहारमधल्या बक्सरचे, आर्मीतले, कितीतरी शर्यती अनवाणी पळलेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुरुवातीचे बरेच किलोमीटर जगातल्या सर्वोत्तम लोकांबरोबर पुढच्या गटात होते, शेवटी अकरावे आले, २:१६:२२. मग १९७८ ला जालंधरमध्ये २:१२:००. हा रेकॉर्ड चाळीस वर्षांहून जास्त टिकला, कित्येक पिढ्या आल्या नि गेल्या. लोक हे अभिमानानं सांगतात आणि मला दरवेळी पोटात कसंतरी होतं. शिवनाथ सिंग थोर होते, त्यात शंकाच नाही, पण रेकॉर्ड इतका टिकतो तेव्हा त्या माणसाच्या मागे रांग लागलेली नसते असाच त्याचा अर्थ मी लावते. त्यांना बघून पळायला लागतील अशा पोरांपर्यंत त्यांना कुणी नेलंच नाही.

पोरींचं तर वेगळंच. आमच्या एका पोरीचे वडील मला येऊन म्हणाले, बाई, तिला एवढं लांब पळवू नका, पुढं लग्नानंतर त्रास होईल. माणूस वाईट नाही, काळजीनं बोलत होते. मी त्यांना कॅथरिन स्वित्झरची गोष्ट सांगितली. १९६७ ला अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ती २६१ नंबर लावून पळत होती तर स्पर्धेचा अधिकारीच मागून धावत आला आणि तिचा नंबर ओढून काढायला लागला, कारण बायकांनी एवढं लांब पळायचं नसतं. तिनं मॅरेथॉन पूर्ण केली. तिथं बायकांना रीतसर एंट्री मिळाली ती १९७२ ला. ऑलिंपिकमध्ये तर १९८० पर्यंत बायकांची सगळ्यात लांब शर्यत १५०० मीटर होती, आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा महिला मॅरेथॉन झाली तेव्हा जोन बेनॉइट २:२४:५२ मध्ये जिंकली. पन्नास वर्षांपूर्वी तिकडचे शिकलेले लोक जे बोलत होते तेच तुम्ही आज बोलताय, असं मी त्यांना म्हणाले. ते ऐकून घेतलं त्यांनी. पण खरं सांगू, स्वित्झरच्या गोष्टीनं काम झालं नाही. काम झालं कशानं, तर मी म्हटलं मोहीच्या बाबरांची पोरगी बघा, तेव्हा. ते म्हणाले, व्हय, ती म्हंजे आपल्यातलीच की. पोरगी अजून पळते.

अजून एक गोष्ट तुमच्या डोळ्यासमोर असून दिसत नाही, ती म्हणजे भरतीची पोरं. पहाटे साडेचार-पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला या, अंधारात पोरं-पोरी पळत असतात, पोलीस भरती नाहीतर आर्मी. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, तेवढंच त्यांचं विश्व. भरती झाली की पळणं बंद, नाही झाली तरी वय उलटलं की बंद. यातल्या कितीतरी जणांचा दम लांब पळायचा असतो, १६०० ला ते मागे पडतात आणि स्वतःला नालायक समजतात, आणि त्यांना १० किंवा २१ किलोमीटर पळवून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या त्या २०१६ च्या पोरींपैकी एक अशीच ८०० मीटरला काही सेकंदांनी हुकली. ती लांब पळणारी होती, मी शपथेवर सांगते. तिला तेव्हा ललिताताईंनी दहा मिनिटं बघितलं असतं तर? मी तिची प्राथमिक शाळेची बाई, मला लोड किती द्यायचा, इंटरव्हल कसे मारायचे, काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं, पण ती आता सासरी आहे.

म्हणून मागणं आहे. तुमच्या बजेटमध्ये पाहुण्यांच्या नावानं जो खर्च असतो, मानधन, हॉटेल, गाडी, फ्लेक्स, तो खर्च यावर्षी एका खऱ्या धावपटूवर करा. त्यांना मानधन द्या, पूर्ण द्या, वेळेत द्या, हार-नारळावर भागवू नका. आणि त्यांना रेसच्या दिवशी स्टेजवर बसवून ठेवू नका, आदल्या दिवशी शहराबाहेरच्या शाळांत न्या. एक शाळा सकाळी, एक दुपारी. भाषण नको. पोरांसोबत एक किलोमीटर पळू दे त्यांना, हळू, पोरांच्या वेगानं. मग मातीत बसून पोरं विचारतील ते सांगू दे, काय खायचा, बूट कधी मिळाले, घरी कोण काय म्हणालं, पाय दुखला की काय केलं. यातून लगेच कुणी ऑलिंपिकला जाणार नाही, मला पण समजतं. पण मास्तर आणि माहिती म्हटलं ना, त्यातली माहिती तुम्ही आणा, मास्तरकीचं आम्ही बघतो.

दुसरं, रस्ता नीट मोजा. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण मी अशा २१ किलोमीटर पळलेय ज्या माझ्या घड्याळात वीस सव्वावीस भरल्या. हौशी माणसाला काही फरक पडत नाही, मेडल मिळालं झालं. पण एखादी खेड्यातली पोरगी चांगल्या टायमिंगनं आली आणि रस्ताच कमी असला तर त्या टायमिंगला पुढं कोण विचारणार? कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे आधी माहीत असलेल्या अंतरावर तपासून घेतलेल्या सायकलनं, चाकाला काउंटर लावून, वळणावर सगळ्यात जवळच्या लाइननं मोजतात, आणि रस्ता कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. जगभर असंच करतात, आपल्याकडच्या मोठ्या रेस पण करतात. बाकीच्यांनी पण करा. त्या पोरीच्या हातात एक कागद राहील जो कुठंही दाखवता येईल.

फी बद्दल वर बोललेच. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि आश्रमशाळांच्या पोरांना फी नको, आणि बिब रेसच्या दिवशी सकाळी शाळेच्या नावानं एकगठ्ठा द्या. शंभर पोरांचे बिब तुम्हाला जड नाहीत, टी-शर्ट नाही दिले तरी चालतील.

आणि ज्यांनी आधीपासून असं काही केलंय, मला माहितेय काही ठिकाणी मनापासून काम करणारी माणसं आहेत, साताऱ्यात हिल मॅरेथॉनच्या निमित्तानं यवतेश्वरच्या घाटात सकाळी सकाळी किती माणसं पळताना दिसतात ते मी डोळ्यांनी बघते, त्यांनी हे पत्र आपल्यावर ओढून घेऊ नये. त्यांनी बाकीच्यांना सांगावं कसं जमवलं ते.

आमच्या शाळेचं ग्राउंड एका फेरीला साधारण २०० मीटर भरतं, मीच टेपनं मोजलंय. पाच फेऱ्या मारल्या की किलोमीटर. सकाळी सव्वासहाला आम्ही तिथं असतो, सध्या एकोणीस पोरी आणि अकरा पोरं येतात, पावसात चिखल होतो तेव्हा डांबरीवर जातो. चर अजून आहे. गाडी दहिवडीपर्यंत येते, पुढं मी घ्यायला येईन. तारीख दोन आठवडे आधी कळवली तर केंद्रप्रमुखांची परवानगी काढून आजूबाजूच्या चार शाळांची पोरं पण बोलावून ठेवते.

तुमची,
माण तालुक्यातली एक शिक्षिका